लिथियम बॅटरीवालं मशीन परदेशी पाठवायचंय, रीतसर मार्ग कोणता?

ताप_मापक
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला आमचं छोटं शेड आहे, फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं तापमान दाखवणारं हातात धरायचं मीटर बनवतो. शिरोली, कागल, उद्यमनगरातल्या बऱ्याच फाउंड्रीत आमची मीटर चालू आहेत. आता नैरोबीजवळच्या एका कारखान्याची ऑर्डर आलीय, १२ मीटर आणि प्रत्येकाबरोबर एक जादा बॅटरी पॅक. पॅक म्हणजे १८६५० चे दोन सेल सिरीजमध्ये, ७.४ व्होल्ट, २.६ अँपिअर-तास, बीएमएस (पॅकचं संरक्षण सर्किट) लावून श्रिंक स्लीव्ह घातलेला.

अडचण अशी की एका कुरिअरवाल्याने बॅटरी म्हटल्यावर पार्सल हातातच घेतलं नाही. दुसरा म्हणाला बॅटरी हा शब्दच लिहू नका, इलेक्ट्रॉनिक पार्ट्स लिहा, मी बघतो पुढचं. मला तसं करायचं नाही. माल उशिरा गेला तरी चालेल पण खरं लिहून गेला पाहिजे. कुणी असा माल पाठवलाय का? काय काय लागतं? गिऱ्हाईक रोज विचारतंय.

नाद_एकच
भावा आधी अभिनंदन! गोकुळ शिरगावातनं थेट नैरोबी, नाद खुळा!! बॅटरीचं जाणकार सांगतील, पार्टीचं तेवढं आधी ठरवा, पांढरा रस्सा वाटीनं नको, बादलीनं.

वेल्डिंग_भाऊ
उद्यमनगरात पॅक बांधायचं काम करतो. इकडं देशात रस्त्यानं ट्रान्सपोर्टला काही त्रास नसतो, पण एक्स्पोर्टचं नाव काढलं की सगळे हात वर करतात. मलाही हे समजून घ्यायचंय, धागा धरून ठेवतो.

कार्गोकट्टा
ताप_मापक, खोटं लिहायला नाही म्हणालात हे लई बरं केलंत. मी मूळचा कसबा बावड्याचा, मुंबई विमानतळावर सहारला कार्गोत बरीच वर्षं आहे, त्यामुळे आपल्याकडच्या माणसांची ही अडचण रोज बघतो. काउंटरवरच्या पोराला वरून एवढंच सांगितलेलं असतं की बॅटरी दिसली की नको म्हण. म्हणून गावाकडे समज झालाय की बॅटरी विमानानं जातच नाही. जाते. फक्त कुठल्या खोक्यात काय ठेवलंय त्यावर सगळं ठरतं.

लिथियम आयनला धोकादायक मालाचे दोन यूएन (संयुक्त राष्ट्रांचे) नंबर लक्षात ठेवा. बॅटरी एकटीच खोक्यात असली तर यूएन ३४८०. मशीनच्या आत बसवलेली असली, किंवा मशीनसोबत त्याच खोक्यात ठेवलेली असली, तर यूएन ३४८१. दोन्ही धोकादायक मालाच्या ९ व्या वर्गातच येतात, पण वागणूक एकदम वेगळी. ३४८० ला १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून बंदी आहे, ती फक्त मालवाहू विमानानं जाते, चार्ज ३० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि छोट्या बॅटऱ्यांना जी सूट मिळायची ती पण २०२२ मध्ये गेली. आता छोटासा पॅक असला तरी ९ व्या वर्गाचं लेबल, शिपर्स डिक्लरेशन (पाठवणाऱ्यानं द्यायचं धोकादायक मालाचं जाहीरपत्र) आणि धोकादायक मालाचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाची सही लागते. ते ट्रेनिंगही दर २४ महिन्यांनी परत घ्यावं लागतं.

म्हणजे तुम्ही १२ मीटर एका खोक्यात आणि १२ जादा पॅक दुसऱ्या खोक्यात बांधलेत तर दुसरं खोकं ३४८० झालं, अडकलात. तेच पॅक मीटरच्या खोक्यात ठेवले की ३४८१. आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) नियमांच्या पुस्तकात मीटरच्या आतल्या बॅटरीसाठी पॅकिंग इन्स्ट्रक्शन ९६७ आणि सोबत ठेवलेल्या बॅटरीसाठी ९६६ आहे. प्रत्येक मशीनमागे दोन जादा संच ठेवायची मुभा आहे, तुम्हाला एकच पाहिजे, मग प्रश्नच मिटला.

वॉट-तास काढा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, ७.४ गुणिले २.६ म्हणजे १९.२४. पॅकला १०० वॉट-तासांची मर्यादा आहे, तुम्ही खूप खाली आहात, त्यामुळे ९६६ आणि ९६७ मधला छोट्या बॅटऱ्यांचा भाग, सेक्शन २, लागू होतो, तिथं शिपर्स डिक्लरेशन नाही. पण पॅकच्या अंगावर वॉट-तास छापलेले पाहिजेत, पेनानं लिहिलेलं चालणार नाही. आणि एका खोक्यात बॅटऱ्यांचं वजन ५ किलोच्या आत.

ताप_मापक
कार्गोकट्टा साहेब, मनापासून आभार, एवढं कुणीच फोड करून सांगितलं नव्हतं. पॅकचं वजन साधारण १०० ग्रॅम आहे, म्हणजे आतले १२ आणि जादा १२ मिळून अडीच किलोच्या आतच येतंय. मग एकाच खोक्यात जाईल ना?

कार्गोकट्टा
वजनाच्या हिशेबानं जाईल. पण खोकं मजबूत पाहिजे, १.२ मीटरवरून कुठल्याही बाजूनं पडलं तरी आतली बॅटरी हलून एकमेकींवर आपटता कामा नये. प्रत्येक जादा पॅक वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, कनेक्टरला टोपी किंवा टेप. मीटरचं बटण दाबलं जाऊन वाटेत चालू होणार नाही अशी सोय करा. बाहेर लाल तिरप्या रेघांच्या किनारीचा लिथियम बॅटरीचा मार्क, १०० बाय १०० मिलिमीटरचा, आत यूएन ३४८१ लिहिलेलं. एअरवे बिलावर (विमानमालाच्या पावतीवर) सेक्शन २ प्रमाणे ९६६ आणि ९६७ चा उल्लेख.

अजून एक, हे नवीन आहे म्हणून बरेच जण विसरतात. १ जानेवारी २०२६ पासून मशीनसोबत ठेवलेल्या बॅटरीला पण ३० टक्के चार्जची अट सक्तीची झालीय, आधी ती नुसती शिफारस होती. मशीनच्या आत बसवलेल्या बॅटरीला अजून शिफारसच आहे, पण मी तर म्हणेन सगळ्याच ३० च्या खाली आणून ठेवा.

वेल्डिंग_भाऊ
३० टक्के व्होल्टेज बघून ठरवू नका हो. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज फार हलत नाही, अंदाज हमखास चुकतो. आधी पॅक खालच्या कटऑफपर्यंत उतरवायचा आणि मग मोजून भरायचा. २६०० चा पॅक असेल तर ३० टक्के म्हणजे ७८० मिलिअँपिअर-तास. मी ६५० वर थांबवा म्हणेन, म्हणजे २५ टक्के होतात आणि मोजण्यातल्या चुकीला जागा राहते. प्रत्येक पॅकचा आकडा वहीत लिहून ठेवा.

लॅबवाली
मी बॅटरी टेस्टिंगमध्ये काम करते, पुण्यात, माहेर राजारामपुरीतलं. सगळे खोकं आणि स्टिकरवर बोलताय पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. दादा, तुमच्या पॅकचा यूएन ३८.३ चा, म्हणजे वाहतुकीसाठीच्या सुरक्षा टेस्टचा, रिपोर्ट आहे का? सेलचा नाही विचारत, पॅकचा.

ताप_मापक
ताई, सेल नावाजलेल्या कंपनीचे आहेत, त्यांचा रिपोर्ट सप्लायरने पीडीएफमध्ये दिलाय. पॅक इथंच उद्यमनगरात बांधून घेतो. सेलचा रिपोर्ट आणि एमएसडीएस जोडला तर चालणार नाही का?

लॅबवाली
नाही चालणार. दोन सेल निकेल पट्टीनं जोडून वर बीएमएस बसवला की नियमाच्या दृष्टीनं ती नवीन बॅटरी झाली आणि तिची स्वतःची टेस्ट लागते. एमएसडीएस तर टेस्ट रिपोर्टच नाही, ते रसायनाचं माहितीपत्रक आहे, ते जोडून लोक समाधान मानतात पण त्यानं काही सिद्ध होत नाही.

३८.३ मध्ये टी १ ते टी ८ अशा आठ टेस्ट असतात. उंचीवरच्या कमी दाबात सहा तास ठेवायचं. मग ७२ अंश आणि उणे ४० अंश असं आलटून पालटून. मग व्हायब्रेशन, ७ ते २०० हर्ट्झ, तिन्ही दिशांना तीन-तीन तास. मग धक्का, मग ५७ अंशाला गरम करून बाहेरून शॉर्ट सर्किट. पुढं सेल चेपणं, जास्त चार्ज करणं, उलटा डिस्चार्ज करणं. सेलच्या टेस्ट सेलवर, पॅकच्या पॅकवर. पास झाल्यावर टेस्ट समरी मिळते आणि १ जानेवारी २०२० पासून ती मागणाऱ्याला उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे. कुठलाही चांगला फॉरवर्डर (माल पाठवून देणारा एजंट) तुमच्याकडे पहिला कागद हाच मागेल.

वेल्डिंग_भाऊ
ताई राग मानू नका पण हे लहान माणसाला मारणारं आहे. सेल पास झालेला, बीएमएस चांगला, वेल्डिंग आम्ही जीव ओतून करतो, परत एवढ्या टेस्टचा खर्च १२ मीटरसाठी कोण करणार? मोठ्या कंपनीला लाखभर पॅकवर तो खर्च पसरतो, आम्ही कशावर पसरायचा?

लॅबवाली
दादा राग कशाचा, खर्चाचं दुखणं खरंच आहे आणि मी ते नाकारत नाही. पण टेस्ट का आहे ते ऐका. आमच्याकडे येणाऱ्या पॅकमध्ये सेल खराब निघणं क्वचित. बिघडतं ते जोडकाम. निकेल पट्टीचा कोपरा धारदार राहतो, वरच्या टोकाचा इन्सुलेशनचा पुठ्ठा लावलेला नसतो, वायर सेलच्या अंगावरून ताणून नेलेली असते. टेबलावर ठेवला तर पॅक वर्षभर चालेल. व्हायब्रेशनला लावला की तीच पट्टी स्लीव्ह घासून सेलच्या कडेला टेकते. १८६५० चं पूर्ण अंग निगेटिव्ह असतं, वर पॉझिटिव्हची टोपी, मध्ये जेमतेम एक रिंग. तुम्ही जीव ओतून काम करता यावर माझा विश्वास आहे, पण विमानवाल्यानं तो विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

वेल्डिंग_भाऊ
हे पटलं. वरच्या टोकाला पुठ्ठ्याची रिंग आम्ही लावतोच, पण न लावणारे बाजारात आहेत हे मलाही माहीत आहे. मग लहान माणसाला मार्ग काय तेवढं सांगा.

लॅबवाली
दोन मार्ग दिसतात. एक, बाजारात ७.४ व्होल्टचे तयार पॅक मिळतात ज्यांची टेस्ट झालेली असते, मॉडेल नंबरनिशी समरी मागून घ्या आणि मग मीटरची जागा त्या पॅकच्या मापाची करा. दुसरा, पॅकच न बांधता मीटरमध्ये दोन सेलचा होल्डर द्या, सेल सुटे घालायचे आणि काढायचे, संरक्षणाचं सर्किट मीटरच्या बोर्डावर घ्या. तेव्हा ते सेल म्हणूनच मोजले जातात आणि सेलची समरी कामाला येते. सेलची मर्यादा २० वॉट-तास, तुमचा एक सेल साडेनऊच्या आसपास आहे. मात्र तेव्हा प्रत्येक जादा सेल स्वतःच्या प्लॅस्टिक डबीत पाहिजे, सुटे सेल एकत्र पिशवीत अजिबात नाही.

आणि हो, मीटरमध्ये घड्याळासाठी सीआर २०३२ सारखा बटण सेल आहे का? तो लिथियम मेटलमध्ये मोडतो, त्याचे नंबर वेगळे, ३०९० आणि ३०९१. बोर्डावर बसवलेला असेल तर त्याच्यासाठी वेगळा मार्क लागत नाही, पण फॉरवर्डरला सांगून ठेवा.

सरळ_रस्ता
मला एक कळत नाही, एवढं सगळं करायची गरज काय? माझ्या ओळखीतले कित्येक जण ट्रिमर, खेळणी, टॉर्च असंच पाठवतात, डिक्लेअर बिक्लेअर काही नाही, आजपर्यंत काही झालं नाही. हे नियम लाखो बॅटऱ्या पाठवणाऱ्यांसाठी आहेत. १२ मीटरनं काय विमान पडतंय?

कळंब्याची_माई
बाळांनो मध्येच विचारते, माफ करा. माझी लेक ब्रिस्बेनला असते. दिवाळीला फराळाचं पार्सल पाठवते दरवर्षी, चकली, करंजी, चिवडा, थोडा तिखट मसाला. या वेळी जावयासाठी पॉवर बँक घेऊन ठेवलीय. पार्सलवाला म्हणाला चकलीच्या डब्यात खाली ठेवा, वर कागद घाला, कळत नाही कुणाला. तुमचं हे सगळं वाचून आता पोटात गोळा आलाय. ठेवू का नको?

कार्गोकट्टा
माई, नका ठेवू. पार्सलवाल्यानं तुम्हाला चुकीचं सांगितलंय. पॉवर बँक दिसायला वस्तू वाटते पण नियमात ती नुसती बॅटरीच धरतात, म्हणजे यूएन ३४८०, मघाशी सांगितलं ती प्रवासी विमानातून बंद असलेली. आणि फराळाची पार्सलं बऱ्याचदा प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातात, वर माणसं बसलेली असतात. पोस्टानं पण एकटी बॅटरी परदेशी विमानटपालात चालत नाही. जावईबापूंना तिथंच घेऊ दे. तुमची चकली तिथं मिळत नाही, पॉवर बँक मिळते.

सरळ_रस्ता, तुम्हाला जरा सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. ३ सप्टेंबर २०१०, दुबई. यूपीएसचं फ्लाइट ६, बोइंग ७४७ मालवाहू, कोलोनला निघालेलं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात मालात आग लागली. कॉकपिटमध्ये एवढा धूर भरला की वैमानिकांना समोरचे काटे दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन पुरवठा बंद पडला. को-पायलट एकटा, बाहेर काही दिसत नाही, आत काही दिसत नाही, दुसऱ्या विमानांकडून रेडिओवर दिशा आणि उंची विचारत परत दुबईकडे येत होता. विमान नाद अल शिबाजवळ कोसळलं, दोघेही गेले. आग लिथियम बॅटऱ्यांच्या मालाच्या भागात सुरू झाली असा चौकशीचा निष्कर्ष आहे. आणि त्या विमानात किमान तीन कन्साइनमेंट अशा होत्या की ज्या ९ व्या वर्गात मोडत होत्या पण कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

त्या मालाच्या मालकांनाही वाटलं असेल की काय होतंय. मालाच्या कप्प्यात हॅलॉन वायूची आग विझवायची सोय असते, तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत जी प्रक्रिया सुरू झालीय ती त्याला थांबवता येत नाही. सेल स्वतःच पेटणारा वायू बाहेर टाकतो, शेजारचा सेल तापतो, तो फुटतो, मग त्याच्या शेजारचा, लवंगी माळेसारखं. म्हणून चार्ज ३० टक्के ठेवायला लावतात, भरलेली ऊर्जा कमी असली की एकाकडून दुसऱ्याकडे आग सरकायची शक्यता बरीच कमी होते. आणि म्हणूनच बाहेर मार्क लागतो, म्हणजे खोकं चेपलं, ओलं झालं तर लोडिंग करणाऱ्या पोराला कळावं की हे बाजूला काढायचं आहे. तुम्ही चकलीच्या डब्यात लपवलंत तर ते त्याला कधीच कळणार नाही.

नाद_एकच
हे वाचून अंगावर काटा आला राव. आपण जाळ आन धूर संगटच म्हणतो ते शाहू स्टेडियमवर बरंय, विमानात नको. माई, पॉवर बँक माझ्याकडं द्या, पैसे लगेच देतो, आणि चिवडा उरला तर तोही चालंल.

कळंब्याची_माई
खरंच नेतोस का रे बाळा? चिवडा ताजा करून देते. बरं झालं विचारलं. त्या पार्सलवाल्याला पण जाऊन सांगणार आहे, बाकीच्या बायका पण त्याच्याकडेच जातात.

सरळ_रस्ता
कार्गोकट्टा, दुबईचं मला माहीत नव्हतं. पण मग माणूस स्वतः विमानानं जाताना बॅगेत नेतोच की पॉवर बँक. तिथं कसं चालतं? हा दुजाभाव का?

कार्गोकट्टा
चांगला प्रश्न आहे. केबिनमध्ये माणूस शेजारी असतो. धूर आला तर लगेच दिसतो, क्रूकडे पाणी असतं, ट्रेनिंग असतं, पाणी ओतून सेल थंड करता येतो. मालाच्या कप्प्यात कोण जाणार? म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सरळ चालतं, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन नग, १६० च्या वर बंद. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ नं गुणली की ७४ वॉट-तास, म्हणून ती चालते. आणि २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, तिथं वरच्या लगेज कप्प्यातल्या पॉवर बँकेवर संशय होता, तेव्हापासून बऱ्याच एअरलाइन ती वरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, जवळ ठेवा म्हणतात.

पेठेतला_पोरगा
मग माझा पण प्रश्न घ्या. आमच्या कॉलेजची ड्रोनची टीम स्पर्धेला बाहेर जाणार आहे. लिपो बॅटऱ्या आहेत, काही ११.१ व्होल्ट ५ अँपिअर-तास आणि काही २२.२ व्होल्ट ५ अँपिअर-तास. पोरं सगळी मंगळवार पेठेतली, एकजण म्हणतोय सगळ्या एकाच्याच बॅगेत घालू.

कार्गोकट्टा
११.१ गुणिले ५ म्हणजे ५५.५, त्या चालतील. २२.२ वाल्या १११ होतात, त्यांना एअरलाइनची लेखी परवानगी आधी घ्या आणि माणशी दोनच. एकाच्या बॅगेत नको, वाटून घ्या. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, कनेक्टर झाकलेला, स्टोरेज चार्जवर आणलेली. फुगलेली एकही नको.

आणि ताप_मापकना कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, मीटर आणि पॅक बॅगेत घालून नैरोबीला कुणाबरोबर पाठवू नका. प्रवाशाला मिळणारी ही सवलत स्वतःच्या वापरासाठी आहे, विक्रीच्या मालाला नाही.

पूररेषा
फुगलेल्यावरून आठवलं. आमचं शाहूपुरीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी आत आलं. एका परदेशी कंपनीचे पॅक पाण्यात गेले, कंपनी म्हणते वॉरंटी तपासायला माल परत पाठवा. पाठवता येतो का?

लॅबवाली
विमानानं नाही. भिजलेली, फुगलेली, चेपलेली किंवा कंपनीनं सुरक्षेच्या कारणानं परत बोलावलेली बॅटरी विमानानं पाठवायला पूर्ण बंदी आहे. पुराच्या पाण्यात माती आणि क्षार असतात, बीएमएसवर गंज चढतो, पाणी ओसरल्यावर बऱ्याच दिवसांनी शॉर्ट होऊ शकतं, म्हणून वाळवून दुकानात रचून तर मुळीच ठेवू नका. कंपनीला फोटो आणि सिरियल नंबर पाठवा आणि माल अधिकृत रिसायकलरकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार इथं विकलेली बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आणि आयात करणाऱ्यावर आहे, त्यांनाच गाठा.

पूररेषा
धन्यवाद ताई. पॅक अजून माळ्यावर आहेत, उद्याच खाली काढून मोकळ्या जागेत नेतो.

समुद्री_मामा
जहाजावर नोकरी झाली माझी, आता रिटायर होऊन फुलेवाडीला असतो. विमानाचंच चाललंय म्हणून लिहितो. घाई नसेल तर समुद्रमार्ग आहे, न्हावा शेवा ते मोंबासा, पुढं नैरोबी रस्त्यानं किंवा रेल्वेनं. समुद्राला आयएमडीजी कोड, म्हणजे जहाजावरच्या धोकादायक मालाचे नियम, लागतो, १०० वॉट-तासांच्या आतल्या पॅकला त्यातली स्पेशल प्रोव्हिजन १८८ लागू पडते, मार्क आणि चांगलं पॅकिंग केलं की पूर्ण डिक्लरेशन लागत नाही, आणि ३० टक्क्यांची अट पण नाही. मात्र ३८.३ ची टेस्ट समुद्राला पण तेवढीच लागते, तिथं सुटका नाही. जहाजावरची आग मी पाहिलेली आहे, मोकळ्या समुद्रात अग्निशमन दल येत नाही, विझवणारे आपणच. त्यामुळे कंटेनरमध्ये काय आहे ते खरं लिहिलेलं असणं याची किंमत खलाशाला विचारा.

नाद_एकच
मामा, रंकाळ्याच्या बोटीत बसून फिरणारे आम्ही, तुमच्या आगीचा एक वेगळा धागा काढाच.

समुद्री_मामा
काढतो रे, सवडीनं.

हिशेबनीस
एक्स्पोर्टच्या कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून. आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा कोड) काढलाय ना? जीएसटीचा एलयूटी (हमीपत्र) भरून ठेवा म्हणजे आयजीएसटी न भरता माल जातो. इनव्हॉइसवर मीटर आणि जादा पॅक अशा दोन वेगळ्या ओळी करा, मीटर त्याच्या एचएसएनखाली आणि लिथियम आयन पॅक ८५०७६० खाली. सगळं एकाच ओळीत 'इन्स्ट्रुमेंट्स' म्हणून कोंबलंत तर एअरवे बिलावरचा बॅटरीचा उल्लेख आणि इनव्हॉइस जुळणार नाही, मग माल कस्टममध्ये उभा राहतो. आणि नैरोबीच्या माणसाला केबसच्या (केनियाच्या मानक संस्थेच्या) पीव्हीओसी प्रमाणपत्राबद्दल आत्ताच विचारा, ते माल निघायच्या आधी इकडं करावं लागतं, तिकडं पोचल्यावर नाही.

ताप_मापक
सगळ्यांचे खूप आभार. वेल्डिंग_भाऊंशी आज फोनवर बोललो. ठरवलं असं की या ऑर्डरला तयार टेस्ट झालेला पॅक घ्यायचा, ७.४ व्होल्टचाच, बॅटरीचा कप्पा त्या मापानं बदलायला डायवाल्याला सांगितलंय. एका सप्लायरने टेस्ट समरी पाठवली आहे. लॅबवाली ताई, खरी-खोटी कशी ओळखायची?

लॅबवाली
समरीवर बॅटरी बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन पाहिजे. टेस्ट करणाऱ्या लॅबचं नाव, पत्ता आणि रिपोर्टचा नंबर, तारीख. मॉडेल नंबर, वॉट-तास, वजन, बॅटरीचं वर्णन. टी १ पासून प्रत्येक टेस्टसमोर पास की नापास. कुठल्या आवृत्तीप्रमाणे टेस्ट केली तेही. खाली जबाबदार माणसाचं नाव आणि पद. मग हातातला पॅक घ्या आणि त्यावरचा मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळवा, एक इंग्रजी अक्षर जरी वेगळं असलं तरी तो वेगळा पॅक. वजन पण काट्यावर घालून बघा. आणि लॅबला ईमेल करून रिपोर्ट नंबर विचारा, आम्ही अशा ईमेलना उत्तर देतो.

वेल्डिंग_भाऊ
आणि मी इकडं चार पॅक बांधणाऱ्यांशी बोलतोय. एकच डिझाइन ठरवायचं, तोच सेल, तोच बीएमएस, तीच पट्टी, तोच पुठ्ठा, आणि खर्च वाटून घेऊन त्या एका मॉडेलची टेस्ट करायची. ताई, असं चालेल का? चौघांनी बांधलेला पॅक एकाच रिपोर्टवर?

लॅबवाली
चौघांनी चार ठिकाणी बांधला तर प्रत्येकाचं उत्पादन वेगळं. एकाच नावानं, एकाच ठिकाणी, लिहून ठेवलेल्या क्वालिटीच्या पद्धतीनं बांधलात तर होतं, कारण उत्पादकाकडे अशी पद्धत असणं हीसुद्धा नियमातलीच अट आहे. चौघं मिळून एक फर्म काढा, मी ड्रॉइंग बघून देते, टेस्टला लावायच्या आधी कुठं मार खाईल ते सांगता येईल.

वेल्डिंग_भाऊ
रविवारी बसतो सगळे उद्यमनगरात. ड्रॉइंग झालं की मेसेज करतो ताई.

कार्गोकट्टा
ताप_मापक, सहारचे दोन-तीन फॉरवर्डर जे डीजीचं, म्हणजे धोकादायक मालाचं, काम नीट करतात त्यांची नावं मेसेजमध्ये पाठवतो. त्यांच्याशी बोलताना पहिल्या वाक्यात सांगा, यूएन ३४८१, ९६६ आणि ९६७, सेक्शन २, पॅक १०० वॉट-तासांच्या आत, समरी हातात आहे. एवढं सांगितलंत की पुढचा माणूस सरळ होऊन बोलतो. आणि खोकं बंद करायच्या आधी आतले फोटो इथं टाका, टेप मारल्यावर नको.